वरात हलली की पुढची ओळ

लक्ष्मणनानांना आठवायचं म्हटलं की ते मला उलटे चालतानाच दिसतात. पाठ वाटेकडे, तोंड आमच्याकडे, ओठांत काळं क्लॅरिनेट, आणि खाली न बघताच खड्डा चुकवणारे पाय. शेतात जाताना किंवा एसटी गाठताना तेही आपल्यासारखेच सरळ चालत असणार. पण तसे नाना माझ्या लक्षात राहिले नाहीत.

नाना बँडवाले होते. बोरी बुद्रुकला आमच्या घराला लागून त्यांचं घर. मधे कुंपण नव्हतं, एक शेवग्याचं झाड होतं, आणि त्याच्या शेंगा कुणाच्या यावरून माझी आई आणि जनाकाकी, म्हणजे नानांच्या मंडळी, यांच्यात दर वर्षी एक गोड भांडण व्हायचं. लग्नसराईत नाना कधी डिंगोऱ्याला, कधी मंचरकडे, कधी घोडेगावच्या वरच्या डोंगरातल्या वाडीत वाजवायला जायचे. बाकीचे दिवस त्यांचं रान आणि दोन गायी. बँडचे बाकीचे लोक पुढे तोंड करून चालतात. नाना मात्र सगळ्यांच्या पुढे राहून वरातीकडे तोंड करून चालायचे. मी लहानपणी कारण विचारलं होतं.

"अगं वैशे, फुडं तोंड करून वाजीवलं तर बँड पोचतो मारुतीला आन् नवरदेव ऱ्हातो पारावर," ते म्हणाले. "आपुन कुणाला घिऊन चाललोय, त्येच्याकडं बघाय नको का?"

दातांना ते फार जपायचे. ऊस दाताने सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही, सकाळी मिठाच्या पाण्याने चूळ. क्लॅरिनेट नुसत्या फुंकेवर वाजत नाही. तोंडात धरायच्या भागाला एक पातळ पत्ती असते आणि ती ओठादातांत नेमकी धरावी लागते. "दात गेलं की सूर गेला," असं ते आम्हा पोरांना सांगायचे. हुरड्याच्या दिवसांत सगळे कणसं चोळून खात असताना नाना दाणे तळहातावर घेऊन एकेक चावत बसायचे. काकी म्हणायच्या, "बघा, पाखरू बसलंय."

काकींच्या जिभेला धार होती आणि तिचा वापर त्या मुख्यतः नानांवर करायच्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर त्या कुणीही पाहुणा आला की सांगायच्या. नवरदेवाने स्वतःच्या लग्नात वाजवायचं नाही म्हणून दुसऱ्या गावचा बँड बोलावला होता. लग्न लागलं, वरात निघाली. सजवलेल्या जीपमध्ये नवरा-नवरी. बँडवाला बेसूर वाजवत होता. नानांनी बराच वेळ दम धरला. मग मुंडावळ्यांसकट जीपमधून उतरले, त्या माणसाच्या हातातून क्लॅरिनेट घेतलं आणि पुढे जाऊन वाजवायला लागले.

"मी आपली जीपमधी एकली," काकी पदर तोंडाला लावून सांगायच्या. "लोकं मला इचारत्यात, नवरदेव कुठाय? म्हनलं, त्यो काय फुडं. उलटा चालतोय."

"तुझ्याकडं तोंड करून चालत व्हतो की!" नाना म्हणायचे. "दुसऱ्या कुनाच्या नवऱ्यानं एवढा येळ बायकूकडं बघितलं आसंल का वरातीत?"

मग काकी चहा टाकायला उठायच्या.

आमच्याकडे बिबट्याचा वावर. उसात, मक्यात कुठेही असतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला रानात जायचं तर आवाज करत जावं, मोबाइलवर गाणी लावावीत, असं सगळेच सांगतात. गावातली माणसं खिशात मोबाइल वाजवत विहिरीवरची मोटार चालू करायला जातात. नाना क्लॅरिनेट वाजवत जायचे. त्यामुळे आमच्या शिवारात रोज पहाटे कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटायचं. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, "राव, बिबट्या आजून एकाबी लग्नाला आला न्हाई. त्येला बोलावनं न्हाई ना."

नानांची एक चूकही गावाला पाठ होती. एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती. शेवटचं कडवं संपून अंतरपाट खाली आला की बँडने एकदम उठाव घ्यायचा, सगळी वाद्यं दणक्यात सुरू करायची, ही रीत. तो क्षण कळावा म्हणून नाना नवरीच्या मामाकडे बघत होते. मामाने हात वर करायचा असं ठरलं होतं. मामाने हात वर केला तो आचाऱ्याला भात वाढायला घे म्हणून खुणवायला. नानांनी उठाव घेतला, ढोल-ताशा कडाडला, लोकांनी उरल्यासुरल्या अक्षता एकदम उधळल्या, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला आणि पोरीने हार घालून टाकला. भटजींचं एक कडवं तोंडातच राहिलं. मोठा गोंधळ झाला. ते जोडपं आजही सुखाने नांदतंय आणि दर दिवाळीला नानांच्या घरी फराळ पाठवतं. पण तेव्हापासून नाना घाईला घाबरायचे. "एकदा घाई झाली, ती पुरं झाली," म्हणायचे.

या सगळ्यापेक्षा मला त्यांची संध्याकाळ जास्त आठवते. धारा काढून झाल्या की ते हातपाय धुवायचे, काकींच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने क्लॅरिनेट पुसायचे आणि ओट्यावर बसून एकच चाल वाजवायचे. ती वाजत असताना घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. भांडण असेल तर ते चाल संपल्यावर पुढे चालू करायचं. काकी सांगायच्या, "संपस्तवर काय बोलायचं व्हतं त्येच इसरून जातं मेलं." मग सगळे एकत्र जेवायला बसायचे. आळेफाट्याला गॅरेजात जाणारा त्यांचा मुलगाही तोवर घरी आलेला असायचा. आमच्याकडे तेव्हा प्रत्येक जण आपापल्या वेळी जेवायचा, आणि आई सगळ्यांच्या नंतर, भांडी घासता घासता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आप्पा, म्हणजे माझे वडील, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या ट्रॉलीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. नारायणगावला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, ते नीट झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना वॉकर दिला आणि निक्षून सांगितलं की रोज चालायचं, दुखलं तरी चालायचं. बसून राहिलात तर पाय आखडेल, मग तो सुटायचा नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यात वॉकरचा पाय अडकला आणि आप्पा पुन्हा पडले. हाडाला काही झालं नाही. पण त्यांच्या मनातच काहीतरी बसलं. त्यानंतर ते खाटेवरून उठेनात. आईने सांगितलं, माझ्या मामाने सांगितलं, डॉक्टर फोनवर रागावले. आप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि भिंतीकडे बघत पडायचे. दिवसभर टीव्ही चालू, आणि त्या आवाजात आमचं घर मात्र मुकं. जे काही बोलणं व्हायचं ते खेकसणं. आई एकटी त्यांना उठवायची, बसवायची, रानातलं बघायची. तिची कंबर धरली होती. मी कॉलेज सोडावं असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण तसं झालं तर कुणी नको म्हणणार नाही, हे मला दिसत होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

अशात एका संध्याकाळी नाना क्लॅरिनेट घेऊन आमच्या ओसरीवर आले.

"दत्तू, जरा त्यो टीव्ही बंद कर की बाबा," ते आप्पांना म्हणाले. "मला सराव करायचाय. घरी जनी वरडती."

"मी कशापायी वरडंन?" शेवग्याखालून काकींचा आवाज आला.

"बघ, लागली वरडाय."

आप्पांनी टीव्ही बंद केला, तो नानांच्या वयाकडे बघून. तोंड भिंतीकडेच ठेवलं. नानांनी काहीच विचारलं नाही, तब्येतीचंही नाही. एक चाल वाजवली, क्लॅरिनेट पुसलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही. मला आठवतं, त्या वेळात आई ओसरीच्या खांबाला टेकून बसायला लागली. हातात काम नसताना आई बसलेली मी तोपर्यंत पाहिलीच नव्हती.

काही दिवसांनी आप्पांनी तोंड इकडे वळवलं. मग एक दिवस म्हणाले, "नाना, ती परण्याची चाल वाजवा ना."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो ती मिरवणूक. तिची चाल आमच्याकडे सगळ्यांच्या कानात बसलेली असते. नानांनी सुरुवात केली. पहिली ओळ झाली. मग पुन्हा पहिली ओळ. पुन्हा तीच. किती तरी वेळ तीच ओळ फिरत राहिली.

"आवो नाना, फुडं वाजवा की," आप्पा वैतागून म्हणाले.

नानांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "फुडं कसं वाजवू? वरात कुठं हालली?"

"कसली वरात?"

"आमच्यात नेम हाय. वरात थांबली की बँड त्याच ओळीवर फिरतो. पोरं नाचत्यात, म्हातारी दम खात्यात, फिरतो आपला गोल. वरात हालली की फुडची ओळ." आणि परत पहिली ओळ सुरू.

त्या दिवशी आप्पा चिडून पांघरूण घेऊन पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. अर्धवट राहिलेली चाल फार त्रास देते. मी भांडी घासताना पुढची ओळ गुणगुणायला जायची आणि नाना मला परत पहिलीवर आणायचे. तिसऱ्या दिवशी शेवग्याखालून काकी ओरडल्या, "दत्ताभाऊ, हाला बाबा एकदाचं! माझ्या गायीबी ह्याच वळीवर रवंथ कराय लागल्यात!"

आप्पा हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "आन गं तो वॉकर."

आईने वॉकर आणला. आप्पा उठून उभे राहिले. नाना ओसरीवरून त्यांच्यासमोर आले, तोंड आप्पांकडे, पाठ दाराकडे, आणि चाल अशी संथ केली की प्रत्येक सुरावर एक पाऊल पडावं. आप्पांनी एक पाऊल टाकलं. नाना तेवढेच मागे सरकले. दुसरं टाकलं. खाटेपासून दारापर्यंत आले तेव्हा नानांनी दुसरी ओळ घेतली. आप्पांना घाम फुटला होता, पण ओळ ऐकून त्यांनी मान डोलावली, एखाद्या येणेकऱ्याने येणं वसूल झाल्यावर डोलवावी तशी.

मग रोज संध्याकाळी हे चालू झालं. दारापर्यंत दुसरी ओळ. तुळशीपर्यंत तिसरी. गोठ्यापर्यंत गेलं तर त्यापुढची. चालीची शेवटची ओळ मात्र नानांनी सांगून ठेवली होती, ती मारुतीपाशीच वाजणार. परण्या मारुतीला पोचल्याशिवाय ती कधी वाजवलीच नाही, म्हणाले. मारुती आमच्या घरापासून फार लांब नाही. धडधाकट माणूस चहा निवायच्या आत जाऊन येईल. पण आप्पांना तेव्हा ते आळेफाट्याइतकं लांब होतं.

मधे एकदा वाईट झालं. गोठ्याच्या पुढे, उताराला, आप्पांचा पाय लटपटला. वॉकर एका बाजूला कलला. आई "अगं बाई" म्हणत धावली. नानांच्या तोंडात क्लॅरिनेट होतं, बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आईला थांबवलं. स्वतः एवढे जवळ सरकले की आप्पांनी हात टाकला असता तर खांदा सापडला असता. आणि वाजवणं थांबवलं नाही. तीच ओळ, आधीपेक्षा हळू, गोल गोल फिरवत राहिले. आप्पा वॉकरवर भार देऊन वाकलेले, डोळे मिटलेले. हे आता परत खाटेवर जाणार आणि कायमचे जाणार, असं मला वाटलं.

ओळ फिरत राहिली. तिच्यात कसली घाई नव्हती की आग्रह नव्हता. थोड्या वेळाने आप्पांनी वॉकर सरळ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

नंतर मी नानांना विचारलं, तुम्ही हात का नाही दिला? ते म्हणाले, "पोरी, पडला आसता तर धरला आसताच की. म्हनून तर तोंड त्येच्याकडं हाय माझं. पन दम खानं म्हंजी पडनं न्हाई. लई लोकांना त्येच कळत न्हाई."

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत निघाल्या, तेव्हा आप्पा मारुतीला पोचले. वॉकर सुटून हातात काठी आली होती. वाटेवर शेजारपाजारचे पाच-सात लोक आपोआप मागे आले होते, कुणी हसत, कुणी उगाच टाळ्या वाजवत. देवळाच्या पायरीशी आप्पा थांबले. नानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि शेवटची ओळ घेतली. एवढ्या दिवसांत ती आमच्या आळीत वाजलीच नव्हती. आईने डोळ्याला पदर लावला. जनाकाकींनी ओच्यातून मूठभर ज्वारी काढली आणि आप्पांच्या डोक्यावर टाकत म्हणाल्या, "शुभमंगल सावधान!"

आप्पा म्हणाले, "नाना, ह्या टायमाला घाई न्हाई केली."

"मामा न्हवता ना कुनी हात वर करायला," नाना म्हणाले, आणि क्लॅरिनेट पुसायला लागले.

पाय सुधारला यात डॉक्टरांचं ऑपरेशन आहे, आप्पांची सोसणूक आहे. पुढे तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी ही वरात ऐकली तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, त्या बँडवाल्यांना एकदा घेऊन या. पण पायापेक्षा जास्त जे बरं झालं ते आमचं घर. तिन्हीसांजेला टीव्ही बंद करायची सवय लागली ती लागली. त्या वेळी चालून आल्यावर आप्पांना भूक लागलेली असायची, म्हणून सगळेच तेव्हा जेवायला बसायला लागलो, आईसुद्धा. तिला गरम भाकरी कशी लागते हे बहुतेक तेव्हा कळलं असेल. ती पीठ मळताना गुणगुणायला लागली. आप्पा तिला हाक मारताना पुन्हा नावाने मारायला लागले. मी कॉलेज सोडलं नाही. पदवी घेतली त्या दिवशी पेढे घेऊन पहिली गेले ती शेवग्याच्या पलीकडे.

नाना म्हणाले, "म्हंजी आता तू आमच्यात सगळ्यात फुडं. मग उलटं तोंड करून चाल. मागचे दिसत्यात."

पुढे त्यांचे दात गेले. एवढं जपूनही गेले. मुलाने कवळी करून आणली. ती लावून नानांनी फुंकलं तर नुसती शिट्टी आली. काकी हसून हसून बेजार, आणि हसता हसता रडायला लागल्या. नानांनी कवळी काढून वाटीत ठेवली. "जेवायला बरी हाय," एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसणं सुटलं नाही. त्या लुगड्याच्या तुकड्याने ते क्लॅरिनेट पुसायचे, तेवढा वेळ घर गप्प राहायचं, आणि पुसून झालं की सगळे जेवायला बसायचे.

मी आता मंचरला राहते, एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या घरी तिन्हीसांजेला टीव्ही बंद होतो आणि मोबाइलवर एखादी चाल लागते. नवऱ्याला सुरुवातीला याची गंमत वाटायची, आता मी विसरले तर तोच लावतो. नाना गेले तेव्हा माझी मुलगी नुकतीच झाली होती, मला जाता आलं नाही. त्याआधी माहेरी गेले की भेटायचे, पण माझ्या मनात राहिले ते माझ्या लग्नातले नाना.

पाठवणीची वेळ होती. आप्पा काठी टेकत मला गाडीपर्यंत सोडायला आले. मांडवापासून गाडी बरीच लांब, रस्त्यावर उभी होती. दिवसभराच्या उभं राहण्याने त्यांचा पाय सुजला होता, पण ऐकले नाहीत. मला गाडीत बसवलं, डोक्यावर हात ठेवला. गाडी सुटली. मी मागच्या काचेतून बघत होते. आप्पा रस्त्याच्या मधोमध तसेच उभे. आईला बायकांनी धरलं होतं. आप्पांना धरायला कुणी नव्हतं, आणि ते हलत नव्हते.

मग गर्दीतून नाना आले. डोक्याला फेटा, दात तोवर गेलेले, म्हणून हात मोकळे. त्यांनी आप्पांना हळूच घराकडे वळवलं आणि पुढ्यात जाऊन उभे राहिले, तोंड त्यांच्याकडे, पाठ घराकडे. दोन्ही हात छातीशी धरून बोटं हलवायला लागले, क्लॅरिनेटवर हलवायचे तशी. दोघं तसेच समोरासमोर उभे होते. गाडी वळणाला लागली तेव्हा आप्पांनी काठी उचलून पुढे टेकली. नाना तेवढेच मागे सरकले.

त्यांचे ओठ हलत होते. कुठली ओळ चालू होती ते मला काही ऐकू आलं नाही. पण आप्पा चालायला लागले होते, म्हणजे पुढचीच असणार.